साहेबांच्या फळ्या

माझ्या हातची वस्तू दुरुस्तीला परत येत नाही. धामणगाव बढ्यात कोणालाही विचारा, आणि माझ्याशी ज्याचं पटत नाही त्याला आधी विचारा. मी बसवलेल्या चौकटी पावसाळ्यात फुगत नाहीत, माझ्या बाजेचे पाय करकरत नाहीत, आणि माझ्या कपाटाचं दार ढकललं की जिथं थांबायला पाहिजे तिथंच थांबतं. गावात माझ्याहून गोड बोलणारे सुतार आहेत. माझ्याहून चांगलं काम करणारा अजून भेटायचा आहे.

हा तोरा उगाच आलेला नाही. आम्ही पिढीजात सुतार नव्हे. आमचं बौद्धांचं घर, वडील जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून परत आलो तेव्हा गावातल्या शहाण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की याचा दरवाजा किती टिकतो ते बघूच. मग मीही ठरवलं, बघा. दुसऱ्या कोणाचं दार वाकलं तर लोक म्हणतात लाकूड ओलं निघालं. माझं वाकलं असतं तर म्हणाले असते, याचं कामच नाही हे. म्हणून माझं वाकलं नाही. दसऱ्याला बाकीचे सुतार हत्यारांची पूजा करतात आणि कामाला सुटी देतात. मी त्या दिवशी सगळी हत्यारं धारेला काढतो. बायको म्हणते, त्याच दगडावर जीभही लावून घेता वाटते.

आम्हाला एकच लेक. ती पाचवीत गेली तेव्हा तिला अभ्यासाला सागवानाचं टेबल केलं. ते आजही जसंच्या तसं आहे. पुण्याला नोकरी लागली तेव्हा पलंग, कपाट आणि पुस्तकांची मांडणी टेम्पोत घालून पाठवली. तिच्या मैत्रिणी येतात आणि कपाटावरून हात फिरवून जातात, असं ती फोनवर सांगायची, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पण सांगायची ती फोनवरच. घरी यायची वर्षातून एकदा, जयंतीला, आणि मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी परत. कपाटाचं काही बिघडलं का, पलंग हलतो का, असं मी दर फोनला विचारायचो. कधीच काही बिघडायचं नाही.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता तिचा फोन आला, की ऑफिस दुसऱ्या जागी हलवताहेत, पावसाळ्यापर्यंत सगळ्यांनी घरूनच काम करायचं आहे, तर मी तिकडेच येते. बायकोनं त्याच दिवशी गाद्या उन्हात टाकल्या. पण लेकीच्या आधी बुलढाण्याहून दोन माणसं आली आणि मधल्या खोलीत एसी बसवून गेली. आमच्या गल्लीतला पहिला एसी. पुण्यानं पोरगी नाजूक करून ठेवली, असं मी म्हटलं. मग ती भल्या पहाटे निघून दुपारी गाडीनं पोचली, आणि स्वतः घाम पुसत उतरली. एसी तिच्यासाठी नव्हताच. तिच्या मागोमाग चादर पांघरलेला एक पिंजरा उतरला, त्याच्यातल्या प्राण्यासाठी होता.

त्या प्राण्याला चिंचिला म्हणतात. कुठल्यातरी लांबच्या मुलखातल्या थंड डोंगरावरचं जनावर. खारीहून मोठं, सशाहून लहान, रंग राखेचा, कान वाटोळे, शेपटी झुपकेदार. अंगावर केस इतके दाट की बोट ठेवलं तर आत बुडतं. त्यामुळे त्याला उकाडा सोसत नाही. आपल्याला जी हवा छान वाटते तिच्यात त्याला ऊन लागतं आणि ते मरूही शकतं. अंगाला पाणी लागू द्यायचं नाही. अंघोळ म्हणजे पिठासारख्या बारीक मातीत लोळणं, आणि ती मातीही तिनं डब्यात भरून आणली होती. मी म्हटलं, हा तर गोसावी आहे, राखेत लोळतो. बायको म्हणाली, गोसाव्याला एसी कशाला लागेल, हा साहेब आहे. तेव्हापासून आम्ही दोघं त्याला साहेबच म्हणतो. लेकीनं त्याला दुसरं नाव ठेवलं आहे, ते तिचं तिच्यापाशी.

गल्लीतली माणसं चार दिवस काही ना काही निमित्त काढून येत होती. उंदराला एसी लावला म्हणून हसत होती. मी सांगितलं, तुमच्या घरचेही पाठवून द्या, दुपारी गारव्याला बसतील. त्यानंतर गर्दी ओसरली.

लेक आली त्याच संध्याकाळी माझ्या कामाच्या पडवीत येऊन उभी राहिली. साहेबांच्या पिंजऱ्यात वेगवेगळ्या उंचीवर लाकडी फळ्या लागतात, असं तिनं समजावून सांगितलं. त्यांच्यावर ते उड्या मारतात, बसतात, झोपतात, आणि मुख्य म्हणजे त्या कुरतडतात. या जनावराचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून कुरतडून ते झिजले पाहिजेत, नाहीतर इतके वाढतात की तोंड मिटत नाही आणि घास चावता येत नाही. जुन्या फळ्या खाऊन संपल्या होत्या. सध्या पिंजऱ्यासोबत आलेल्या पत्र्याच्या फळ्या लावल्या होत्या, त्यांचा दाताला उपयोग नाही. मग निघताना नव्या का नाही आणल्या, असं मी विचारलं.

ती म्हणाली, “बाप सुतार असताना पुण्याहून फळ्या कायले आणू, बाबा?”

हे वाक्य मला इतकं आवडलं की हातातल्या दरवाज्याचं काम मी बाजूला ठेवलं. त्या गिऱ्हाइकाला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

घरात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं सागवान काढलं. सरळ रेघांचं, गाठ नावाला नाही. रंधा मारून असं केलं की हात ठेवला तर घसरावा. कडा गोल केल्या, म्हणजे साहेबांच्या पायाला लागू नये. स्क्रू आत बुडवून वर लाकडाची भर घातली. मग लाखेचं पॉलिश, एक हात, दुसरा हात, तिसरा हात. वाळल्यावर त्या फळ्यांत खिडकी दिसत होती. मी त्या स्वच्छ धोतराच्या फडक्यात गुंडाळून तिच्यापुढे नेऊन ठेवल्या. तिनं एक उचलली, उलटसुलट केली, वास घेतला आणि परत फडक्यात ठेवली.

“बाबा, हे तो खाईन. पॉलिश पोटात जाईन त्याच्या.”

“मंग तू खाऊ काऊन देतं त्याले? फळी बसाले असते.”

“खायासाठीच पाहिजे, बाबा. खाऊन खाऊन संपली पाहिजे.”

मी म्हटलं, “संपासाठी वस्तू बनवत नाई मी.” आणि फळ्या उचलून बाहेर आलो.

पॉलिश खरवडून दे असं ती म्हणाली असती तर एक वेळ ऐकलं असतं. पण सागवानच नको म्हणाली. त्याच्यात तेल असतं, ते त्याला सोसत नाही. प्लायवूड नको, त्यात गोंद. चिकटवायला सरस नको, खिळा नको, कडा गोल करायला नको, उलट कडा असली तर दाताला धरायला बरी. माल भरून येतो त्या पेट्यांचं पांढरं लाकूड आहे म्हटलं, तर त्याला कुठलं औषध मारलंय ते कोणाला ठाऊक. जन्मभर जे जे शिकलो ते ते तिनं एकेक करून बाद केलं. गिऱ्हाईक असतं तर दाराबाहेर काढलं असतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी गप्प बसलो, म्हणजे रुसलो, आणि चांगला बरेच दिवस रुसलो. तिनंही मग मोबाइलवरून फळ्या मागवल्या. आल्या त्या प्लायच्या निघाल्या. तिनं त्या परत बांधून ठेवल्या. तेही मला सांगितलं नाही, बायकोकडून कळलं.

होळी झाली आणि आमच्याकडचं ऊन खरं ऊन झालं. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. लाइन गेली की लेक फ्रिजमध्ये ठेवलेली फरशी काढून पिंजऱ्यात सारायची, आणि साहेब तिच्यावर पोट टेकून पडायचे. एका सकाळी मी तिला जेवायला हाक मारायला त्या खोलीत गेलो. ती पिंजऱ्यासमोर बसून सुक्या गवताची काडी साहेबांच्या तोंडापुढे धरत होती. ते काडी धरत होते, पण चावत नव्हते. हनुवटीखालचे केस लाळेनं ओले झाले होते. तिनं मला पाहून तोंड फिरवलं, पण मला दिसायचं ते दिसलं. पोरगी रडत होती.

पुण्याचे डॉक्टर तिच्याशी फोनवर, साहेबांचं तोंड बघत बघत बोलले. पुढचे दात वाढायला लागलेत, म्हणाले. लाकूड कुरतडायला लागला तर अजून आपोआप ठीक होईल. नाही लागला तर इकडे आणून दात घासून घ्यावे लागतील, आठवड्याच्या पलीकडे थांबू नका. आता न्यायचं म्हणजे घाट उतरून-चढून दिवसभराचा प्रवास, तोही या उन्हात. गाडीचा एसी वाटेत बंद पडला तर जनावर गाडीतच जायचं. आणि नेलं तर परत आणायचा प्रश्नच नाही, मी तिकडेच राहीन, असं ती आईला म्हणाली. आमच्याकडे दिवस आठवडी बाजारावर मोजतात. बायकोनं मला सांगितलं, येत्या बाजारापर्यंत साहेबांनी लाकूड खाल्लं नाही तर पोरगी बाजाराच्या दुसऱ्या पहाटे निघणार, गाडीही सांगून ठेवली आहे.

मी तसाच उठून पडवीत गेलो. जनावर जगावं असं मला वाटलं, आणि लेक जाऊ नये असं त्याहून जास्त वाटलं. माझ्या भरवशावरच तर तिनं पुण्याहून फळ्या आणल्या नव्हत्या.

डोक्यात पहिलं आलं ते कडुनिंब. आमच्या वऱ्हाडात अंगाला काही झालं की निंब. गोवर आला की लेकराला निंबाच्या पाल्यावर निजवतात, बाळंतिणीच्या दाराला डहाळा लावतात, धान्याच्या कोठीत पाला घालतात. निंबाच्या लाकडाला कीड लागत नाही. औषधाचं औषध आणि लाकडाचं लाकूड. माझ्याकडे जुन्या निंबाचा वाळलेला तुकडा होता. त्याच्या फळ्या पाडल्या, पॉलिश नाही, खिळा नाही, सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे. आणि शेवटी उठताना माझ्या हातानं काय करावं? जवसाच्या तेलाचं फडकं घेतलं आणि फळीवरून फिरवलं. आम्हाला शिकवणारे मास्तर म्हणायचे, कोरडं लाकूड गिऱ्हाइकाला देणं म्हणजे लेकराला उघडं शाळेत पाठवणं. तेव्हापासून आजवर तेल लावल्याशिवाय माझ्या पडवीतून लाकूड बाहेर गेलं नाही. डोकं थांबेपर्यंत हातानं काम उरकलं होतं.

तेलाचे डाग बघून लेकीनं फळ्या परत माझ्याकडे सरकवल्या. मीच त्या जाळात टाकल्या आणि उरलेल्या तुकड्यातून दुसरी, कोरडीठाक फळी करून दिली. साहेब तिच्यापर्यंत आले, मिशा हलवल्या, नाक लावलं, आणि पाठ करून पलीकडे जाऊन बसले. बायको म्हणाली, शहाणं आहे, कडू कोण खातं. मी म्हणणार होतो की गाढवाला गुळाची चव काय, पण इथं गूळ नव्हताच. नुसता निंब होता.

मग मी असं काही केलं जे इतकी वर्षं लाकडात काढून कधी केलं नव्हतं. मी लाकूड चाखायला सुरुवात केली. लाकूड मला डोळ्यानं कळतं, वासानं कळतं, पटाशीखालच्या आवाजानं कळतं. जिभेनं काय लागतं ते ठाऊक नव्हतं. पडवीत पाट टाकून बसलो आणि एकेक ढलपी तोंडात घातली. सागवान तेलकट, मागून कडवट. बाभूळ तुरट, दात आंबले. आंबा चिकट लागला, आणि ओठाला खाज सुटली ती संध्याकाळपर्यंत. बायको चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून उभी राहिली.

“आता तुमच्यासाठीबी पिंजरा पाहा लागते का?” तिनं विचारलं.

बाजार दोन दिवसांवर आला. सकाळी मी न्हाणीपाशी पाणी तापायची वाट बघत उभा होतो. मागच्या अंगणात सरपणाचा ढीग असतो, आणि त्या वर्षी तो जरा जास्तच मोठा होता. माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, रेशमाच्या किड्यांसाठी कैक वर्षं तुतीची बाग ठेवली होती. बाग जुनी झाली, पाला कमी पडायला लागला, तेव्हा त्यानं ती खणून काढली आणि खोडं ट्रॉलीत भरून बहिणीला सरपणाला पाठवून दिली. वाकडीतिकडी, गाठाळ, मांडीएवढी खोडं. मागचा सगळा उन्हाळा, मग हा उन्हाळा, ती तिथंच तापत पडली होती. जागा अडवतात म्हणून मी रोज कुरकुरायचो. कारागीर माणूस सरपणाकडे लाकूड म्हणून बघतच नाही. चुलीत जायचं ते चुलीत जायचं.

आमच्या दोन शेळ्या त्या ढिगावर चढल्या होत्या. अंगणात बाभळीचंही सरपण होतं, निंबाच्या फांद्याही होत्या. शेळ्या त्यांना तोंड लावत नव्हत्या. त्या तुतीच्या खोडांची वाळलेली साल दातानं ओढून ओढून खात होत्या, आणि साल संपली तिथं उघड्या लाकडाला दात घासत होत्या. मी एक शेळी बाजूला सारली, कुऱ्हाडीनं एक ढलपी काढली आणि तोंडात घातली. कडू नाही, तुरट नाही. सुक्या गवतासारखी, चावत गेलं की थोडी गोडसर. मी अंघोळीचं पाणी तसंच उकळत ठेवलं आणि ढलपी घेऊन आत गेलो.

लेक कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. मी तिच्यासमोर ढलपी धरली. तिनं हातानं थांबायला सांगितलं. मी थांबलो नाही. शेवटी तिनं कानातलं काढलं, ढलपी बघितली, मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं आणि म्हणाली, तुती चालते, बाबा, पण फवारणी? तिची भीती बरोबर होती. आमच्याकडे कपाशी झाली, सोयाबीन झालं, बांधावरच्या झाडापर्यंत औषध पोचतं. शेतातलं लाकूड तिनं याच कारणानं आधीपासून नको म्हटलं होतं.

मला हसूच आलं. सबंध जिल्ह्यात जर कुठल्या झाडाला औषधाचा थेंब लागत नसेल तर ते रेशमाच्या तुतीला. औषध मारलं की त्या पाल्यावरच्या अळ्या मरतात. माझा मेहुणा त्या बाबतीत इतका कडक, की तंबाखू खाऊन आलेल्या माणसाला तो बागेत पाऊल टाकू देत नसे. त्यात मीही आलो. वारा त्याच्या बागेकडे वाहत असला की शेजाऱ्याच्या हातातला पंप तो खाली ठेवायला लावायचा. त्या कडकपणाबद्दल मी त्याला आजवर जे जे बोललो होतो, ते सगळं मी त्या सकाळी मनातल्या मनात परत घेतलं. लेकीनं त्याला फोन लावून पुन्हा खात्री करून घेतली. बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. खोड करवतीनं उभं फाडलं तेव्हा आतून हळदीसारखं पिवळं निघालं. इतकं सुंदर लाकूड आम्ही अंघोळीसाठी जाळत होतो. फळी अरुंद निघायची, म्हणून दोन-दोन पट्ट्या शेजारी ठेवून, आडवी भोकं पाडून, तुतीच्याच खुंट्या ठोकून जोडल्या. सरस नाही, खिळा नाही. साहेबांनी खुंटी खाल्ली तरी लाकूडच पोटात जाईल. पिंजऱ्याला अडकवायचा बोल्ट फळीच्या मागच्या अंगात शिरवला, वायसर आणि नट गजाबाहेर. रंध्याकडे हात दोनदा गेला, दोनदा मागे घेतला. कडा करवतीच्या होत्या तशाच खरबरीत ठेवल्या. संध्याकाळी तेलाचा डबा बघायला वळलो तर तो जागेवर नव्हता. बायकोनं तो आधीच आत नेऊन ठेवला होता. दुसऱ्या सकाळी फळ्या उकळत्या पाण्यानं धुतल्या आणि पत्र्यावर वाळत घातल्या. ते ऊन तेवढ्या एका कामाला आलं.

बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही त्या पिंजऱ्यात बसवल्या. एक खाली, एक मधे, एक वर, चढायला बरं पडेल अशा. लेकीची बॅग भिंतीशी भरून तयार होती. ती बॅग मला पिंजऱ्यापेक्षा जास्त दिसत होती. साहेब कोपऱ्यात पाठ करून बसले होते. मी खाली सतरंजीवर बसलो, ती माझ्याशेजारी बसली. काम चांगलं झालं होतं, त्याबद्दल मला शंका नव्हती. माझं काम चांगलंच होतं. पण ते या जनावराला कोण सांगणार.

एसीचा आवाज तेवढा चालू होता. बाहेर बाजारातून परतणाऱ्या गाड्या. साहेबांनी तोंड वळवलं. खालच्या फळीशी आले, नाक लावलं, उडी मारून वर बसले. मग मधल्या फळीवर. तिथं पुढचे दोन पाय कडेवर ठेवून, जसं आपण भाकरीचा काठ धरतो तसं, कड तोंडात धरली. थांबले. आणि मग तो आवाज आला, कर्र, कर्र, कर्र. बारीक कानशीनं लाकूड घासावं तसा. पिवळा भुसा खाली पडायला लागला.

माझी फळी कोणीतरी माझ्यासमोर मोडून खात होतं आणि मला आयुष्यात कधी झाला नाही इतका आनंद झाला. लेकीनं माझा दंड घट्ट धरला होता. ती हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही, कारण मला माझंच सांभाळायचं होतं. थोड्या वेळानं तिनं उठून गाडीवाल्याला फोन केला, की दादा, उद्या येऊ नका.

दात जागेवर यायला वेळ लागला, पण आले. डॉक्टरांनी फोनवरच बघून सांगितलं. लेक पावसाळा लागेपर्यंत राहिली. जाताना हवा गार होती, आणि साहेबांसोबत तुतीच्या फळ्यांची एक पेंडी होती. मी बायकोला सांगून टाकलं, की त्या ढिगातलं लाकूड आता चुलीत जायचं नाही. आमच्या अंघोळीचं पाणी आजकाल सागवानाच्या तुकड्यांवर तापतं. गल्लीतली माणसं त्यालाही हसतात.

पलंग दिला, कपाट दिलं, मांडणी दिली. इतकं पक्कं दिलं की त्यासाठी कोणाला परत घरी यायची गरज पडली नाही. हे मला त्या हिवाळ्यात कळलं, जेव्हा ना जयंती ना कसला सण, लेक अचानक दारात उभी राहिली. पिशवीतून तिनं एक फळी काढली. कड खाऊन खाऊन चंद्रकोरीसारखी झाली होती, एक खुंटी अर्धी उरली होती. माझ्या हातची दुरुस्तीला परत आलेली पहिली वस्तू. मी ती हातात घेऊन उरलेली खुंटी अंगठ्यानं चाचपली. मग म्हटलं, एवढ्यासाठी कशाला आलीस, पार्सलनं पाठवल्या असत्या.

“पार्सल कायले? मीच येत जाईन ना, बाबा.”

त्यानंतर ती दोनदा आली. मागच्या खेपेला मी नव्या फळ्या तिच्यापुढे ठेवल्या. तिनं एक उचलली, बोटानं जाडी चाचपली आणि माझ्याकडे बघितलं.

“ह्या टायमाले पातळ झाल्या, बाबा. लवकर संपतीन.”

मी म्हटलं, लाकूड कमी पडलं.

तिनं खिडकीतून मागच्या अंगणातला तुतीचा ढीग बघितला. तो अजून माझ्या डोक्याइतका उंच आहे. मग तिनं फळ्या पिशवीत भरल्या.